मार्चअखेरचं लग्न

तुमच्या गावाच्या चालीरीतींवर सरकारी पैशातून फिल्म निघाली, तर ती खरी आहे हे कोणी तपासलं, असं तुम्ही कधी विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकेने पोलीस ठाण्यात येऊन मला ते विचारायला लावलं. नोकरीतले कितीतरी तपास आता पुसट झालेत. हा मात्र वार-तारखेसकट आठवतो.

मी तेव्हा वसईत पोलीस निरीक्षक होतो. बाई वसईतल्याच होळी नावाच्या भागातल्या, ख्रिस्ती कुटुंबातल्या. वय सत्तरीपुढचं, अंगावर लाल लुगडं. ठाणे अंमलदाराने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अंगठा इथे, आजी."

"पेन दे बाळा. तीस वर्षं मराठी शिकवलंय मी. अंगठ्याचीच तक्रार घेऊन आलेय."

त्यांच्या गावच्या लग्नविधींवर एका सरकारी खात्याने खाजगी निर्मात्याकडून माहितीपट करून घेतला होता. निर्माता बाईंच्या घरी आला, त्यांच्या आईने सांगितलेल्या लग्नगीतांची वही घेऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही. पुढे फिल्म खात्याच्या संकेतस्थळावर दिसली. माणसं अनोळखी, गाणी कुठलीतरी, आणि शेवटी सल्लागार म्हणून बाईंचं नाव. त्यांनी माहिती अधिकारात कागद काढले. संमतीपत्रावर त्यांच्या नावापुढे कोणाचा तरी अंगठा होता.

"फिल्मचं नंतर बघा साहेब, आधी वही मिळवा. ती गाणी म्हणणारी मी एकटीच उरलेय, आणि मलाही सगळी आठवत नाहीत."

निर्मात्याला बोलावलं. तो बिनधास्त होता.

"वही? कसली वही? साहेब, रिअल लग्नात शूट केलंय. एक्स्पर्ट स्वतः हजर होते, त्यांचा रिपोर्ट बघा ना."

हा एक्स्पर्ट म्हणजे खात्याने नेमलेला परीक्षक. त्याच्या अहवालाशिवाय निर्मात्याच्या पैशांचा शेवटचा हप्ता निघत नसे. अहवालात एकच ठसठशीत वाक्य होतं: आज गावातील विवाह प्रत्यक्ष पाहिला, चित्रीकरण अस्सल आहे. खाली मार्चमधली तारीख. मी ती बाईंना दाखवली. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि हसल्या.

"त्या वर्षी हा उपवासकाळ होता साहेब. ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं लावत नाहीत. आणि त्यात शुक्रवार!"

मी जुनं कॅलेंडर काढून वार पाहिला, चर्चच्या लग्ननोंदवहीचा उतारा मागवला. त्या महिन्यात एकही नोंद नव्हती.

मग परीक्षकाला चहा देऊन जबाबाला बसवलं. आवाज चढवायची गरज नव्हती. खोटं बोलणारा माणूस मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो, म्हणून मी लहान प्रश्न विचारतो.

"लग्न कसं झालं?"

"अप्रतिम. आपली संस्कृती आहे साहेब, जपली पाहिजे."

"जेवायला काय होतं?"

"मटण! काय सांगू, चव अजून जिभेवर आहे."

हवालदाराने ते शब्द जसेच्या तसे जबाबात उतरवले. मी नोंदवहीचा उतारा त्याच्यापुढे ठेवला.

"उपवासकाळातल्या शुक्रवारी हे लोक मटणाला हात लावत नाहीत. तुम्हाला कोणी वाढलं?"

त्याचा चहा तसाच राहिला.

"मार्चअखेर होती साहेब. निधी परत गेला असता. घरी बसूनच सही केली. सगळेच करतात."

त्यानंतर निर्माता फार टिकला नाही. लग्न एका भाड्याच्या हॉलमध्ये, भाड्याच्या माणसांवर उरकलं होतं. अंगठा त्याच्या ऑफिसातल्या शिपायाचा. वही कपाटात मिळाली. तिच्यातलं एकही गाणं फिल्ममध्ये घेतलेलं नव्हतं. पंचनामा करून ती मुद्देमालात जमा केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणजे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात!" त्यांचं खरं होतं. न्यायालयाच्या आदेशाने वही परत द्यायला काही महिने लागले. ताबापावतीवर सही घेताना त्याच अंमलदाराने न सांगता पेन पुढे केलं. बाईंनी वही उघडली आणि उभ्या उभ्या ओठांतल्या ओठांत वाचत राहिल्या.

"सगळेच करतात" हे वाक्य मी पाकीटमारांकडून खूप ऐकलं होतं. संस्कृतीच्या तज्ज्ञाकडून ऐकलं तेव्हा मात्र संताप आला. पाकीट मारलं तर मालक ओरडतो. गावाची खोटी ओळख सरकारदप्तरी लागते तेव्हा गावाला पत्ताही नसतो, आणि पैसा त्याच गावाच्या करातून गेलेला असतो.

म्हणून एक काम करा. तुमच्या गावावर अशी फिल्म झाली असेल, तर माहिती अधिकारात परीक्षण अहवालाची प्रत मागा, आणि त्यावरची तारीख गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवा.