बोंबील वाडीचा फणस

सकाळी हनीफभाईंच्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी नेहमीसारखी थेट सुरुवात केली, "काय पोफळ, आज कोणावर भडकलात?" पलीकडून एक तरुण, घोगरा आवाज आला. "मी इरफान, त्यांचा मुलगा. अब्बा गेले... पहाटे, झोपेतच. दुपारी जोहरच्या नमाजानंतर जनाजा निघेल. पण तुम्ही कोण बोलताय? अब्बांच्या मोबाइलमध्ये एक पण माणसाचं नाव नाय. सगळी झाडं हायत. त्यांचा शेवटचा फोन या नंबरला होता, आणि इथं 'चिंच' लिवलंय." मी म्हटलं, "मीच ती चिंच." आणि खरं सांगते, डोळ्यांना धार लागलेली असताना मला हसू फुटलं. जाताजाताही या माणसाने मुलाला कोड्यात टाकलं होतं.

ते कोडं सोडवायचं तर सात-आठ वर्षं मागे जावं लागेल. महाडच्या आमच्या छोट्या संस्थेत मी तेव्हा सगळंच करत होते. पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाड्यांसाठी एक प्रकल्प आला. घरोघरी कमी धुराची, कमी लाकूड खाणारी चूल, आणि ओढ्याच्या पाण्यावर वाडीपुरती वीज. भागीदार चार होते. पुण्याची संशोधन संस्था, परदेशातलं एक विद्यापीठ, यंत्रं बनवणारी मुंबईची कंपनी आणि आम्ही. इतके लोक एकत्र आले की आधी कागद जन्माला येतो, मग चूल. सगळ्यांत पहिला कागद मागितला गेला तो माहिती व्यवस्थापनाच्या आराखड्याचा. कोणत्या घरातून कोणती माहिती घ्यायची, ती कुठे ठेवायची, कोणाला दाखवायची, हे सगळं आधी ठरवून चौघांनी सह्या करायच्या, त्याशिवाय काम सुरू होणार नाही. असला कागद मी कधी पाहिलाही नव्हता. तेव्हा कोणीतरी सुचवलं, आखातातून परत आलेले हनीफभाई आहेत, तिकडे तेल कंपनीत कागदपत्रांचा विभाग सांभाळायचे, त्यांना विचारा.

ते आले. उंच, शिडशिडीत, वर पांढऱ्या टोपीचा शेंडा, अगदी परसातली पोफळ. खिशाला तीन रंगांची पेनं. खुर्चीवर बसायच्या आधीच मला म्हणाले, "आराखडा म्हणजे माहितीचा संसार गो बाय. कोणी आणायचा, कोणी ठेवायचा, कोणापासून झाकायचा. संसार मला जमतो, माझ्या बायकोला विचार." विनय हा शब्द त्यांच्या गावी नव्हता. आपलं अक्षर, हरवलेल्या कागदाचा पत्ता लावायचा आपला हातखंडा, आपल्या घरचं तांदळाचं सांदण, सगळ्याची तारीफ ते स्वतःच करायचे, समोरच्याला तसदी द्यायचे नाहीत. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे आमचं रोज वाजायचं आणि रोज दुपारी त्यांच्या बायकोच्या, अमीनाभाभींच्या, डब्यातल्या सांदणावर मिटायचं.

आराखडा लिहिण्याआधी प्रश्न विचारून बघावेत म्हणून आम्ही एका वाडीत गेलो. पहिल्याच घरी पहिल्याच रकान्याशी गाडी अडली. रकाना होता घरमालकाच्या नावाचा. घरातली बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगो बाय, त्येंचा नाव मी कसा घेव?" शेजारणी गोळा झाल्या, त्याही हसायला लागल्या, पण एकीने उत्तर देऊन टाकलं, "लिव्हा, फणसाकडची. समदी तसाच म्हंतात." चुलीला रोज जळणाची किती फाटी लागतात हे विचारलं, तेव्हा मात्र हसू थांबलं. तीच बाई म्हणाली, "आमी फाटी रानातून आनतो. ह्यो कागूद जंगलवाल्यांकडं नाय ना जायाचा? नाव गेला तर उद्या दारात येतील." हनीफभाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "तुझा नाव या वाडीच्या खाली उतरनार नाय. जबान दिली." मी कोपराने त्यांना ढोसलं, कारण पुण्याहून आलेल्या नमुन्यात नाव, गाव, वाडी असं सगळं सक्तीचं होतं. पण जबान गेली ती गेली.

आता पेच समजून घ्या. नावं घेतली तर बाया दारं लावून घेणार, नाहीतर खोटं सांगणार, मग नवी चूल किती लाकूड वाचवते ते कसं कळायचं? नावं नाही घेतली तर पुणे सही करणार नाही, आणि वाडीत ना चूल येणार ना दिवा. सगळं एका रकान्यावर येऊन ठेपलं. घाट उतरून महाड आल्यावर मासळीबाजारासमोर हनीफभाईंनी गाडी थांबवायला लावली आणि एकदम ओरडले, "घराला झाड, वाडीला मासा!"

युक्ती साधी होती. घराची ओळख दारातल्या झाडावरून, लोक आधीपासून सांगतात तशीच. पण फणस तर वाडीवाडीला असतो, म्हणून वाडीचं नाव झाकायला डोंगरात कधी न आलेले मासे. सुरमई, हलवा, कोळंबी, बोंबील. बोंबील-फणस म्हणजे कोणतं घर हे त्या वाडीला कळेल, आम्हा दोघांना कळेल, बाकी जगाने डोकं खाजवत बसावं. वाड्यांना मासे वाटले तेव्हा मात्र एक रुसवा झालाच. "त्या सुरमय आनि आमी बोंबील का?" हनीफभाईंनी छातीवर हात ठेवला, "ताजा बोंबील तळला तर सुरमय पानी भरंल त्येच्यापुढं." ती वाडी खूश. सुरमई वाडीला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, पण इथे नको.

मग एसटी डेपोजवळच्या एका माडीवर चारही भागीदारांची बैठक भरली. परदेशी बाईंनी आमची नमुन्याची माहिती आधीच वाचली होती. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, पुण्याच्या सरांनी मराठीत सांगितलं, "मॅडम विचारतायत, फणस रोज इतकं लाकूड का जाळतो? आणि चिंच त्याच्या निम्मंच का?" माडी हसून हसून हादरली. हसू ओसरल्यावर सर मुद्द्यावर आले. "हे चालणार नाही. मूळ नावांची यादी आमच्याकडे हवी. पारदर्शकता नावाची काही गोष्ट असते." हनीफभाई उठून उभे राहिले. "सर, पारदर्शक काच लय चांगली. पन न्हानीला कोन लावतो का?" सरांना हसू आवरेना, तरी ते हटले नाहीत. "मग यादी कुठे आहे?" "यादी नायच. झाडं उभी हायत, दारात. पुढच्या वर्षी मोजायला आम्हीच जानार, झाडाखाली उभे राहनार." मग हसणं सोडून ते हळू बोलले, "नाव दिलात तर मला परत त्या वाडीत तोंड दाखवता येनार नाय. मी दुसरा मानूस बघून द्येतो तुमाला... पन नाव नाय." तेवढ्यात परदेशी बाईंनी शेवटचा प्रश्न टाकला, आणि झाड पडलं तर? हनीफभाई परत खुलले. "वर एक घर हाय, रतांब्याकडचे म्हंतात. रतांबा, कोकमाचा झाड, आज्याच्या टायमाला पडला. लोक अजून रतांब्याकडचेच म्हंतात. झाड पडला तरी घराचा नाव तोच!" बाईंनी टेबलावर थाप मारली आणि सर्वांत आधी सही केली. त्यांच्या पाठोपाठ सरांनी. आराखड्यातला तो नियम मी माझ्या हाताने टाइप केला. झाड पडले तरी कोड बदलणार नाही.

चुली आल्या, दिवे आले. पहिला दिवा लागला त्या संध्याकाळी फणसाकडचीने आम्हाला दोघांनाही घावने खायला घातले, आणि नवऱ्यासमोर, सगळ्यांदेखत, उखाण्यात त्याचं नाव घेतलं. हनीफभाई कानांवर हात ठेवून ओरडत राहिले, "मी नाय आयकला, मी नाय आयकला!" प्रकल्प संपला तरी त्यांचं खूळ संपलं नाही. नवा मोबाइल घेतला तशी त्यात सगळी माणसं झाडं होऊन गेली. मला चिंच का, असं मी एकदा चिडून विचारलं होतं. म्हणाले, "आंबट हायस. पन तुझ्याबिगर सार व्हतो काय?" इतकं गोड मला आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.

तर त्या सकाळी इरफान एकेक नाव वाचत होता. "सुरमई-जांभूळ, हलवा-आंबा, बोंबील-फणस... अब्बा हॉटेल काढनार होते काय? ही कोन मानसं, नाव सांगा ना." मी म्हटलं, "नाव कशाला हवं? फोन लाव आणि सांग, हनीफभाई गेले." त्याने लावले. दुपारी डोंगरातून दोन टेम्पो भरून माणसं उतरली. बाप्ये जनाज्याबरोबर गेले, बाया आत भाभींजवळ बसल्या. रडल्या, मग बोंबील-सुरमईचा रुसवा निघाला आणि भरल्या घरात हसूही आलं. कोणती वाडी कोणता मासा हे सगळं आता एकट्या मलाच माहीत आहे. मी सांगणार नाही.

परवा भाभींना भेटायला गेले. खिडकीत हनीफभाईंचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. परत नोकरीवर निघालेला इरफान म्हणत होता, आता हा नंबर बंद करू या, कोण वापरणार? भाभी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हावंदे. झाड पडला तरी नाव बदलायचा नाय." त्यांनाही पाठ होतं... घरी रोज ऐकवलं असणार हनीफभाईंनी. मी घरी पोचले आणि पोचल्याचं कळवायला नेहमीच्या सवयीने पोफळला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

"हां चिंच," भाभी म्हणाल्या, "बोल गो."