मी अर्धा तास मागे

सहा वर्षं परदेशात शिकवून आले म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिच्याकडे समुद्राच्या गोष्टी असतील. माझ्याकडे निघतात त्या सगळ्या फोनच्या! कॉलेज रोडला आम्ही जुन्या मैत्रिणी कॉफीला जमलो की कुणीतरी म्हणतं, "सांग गं तो एक," आणि मग एकातून दुसरा किस्सा निघत जातो. सगळ्या हसतात. मीही हसते. घरी येताना रिक्षात मात्र वाईट वाटायचं ते वाटतंच.

नवीन असाल तर थोडक्यात सांगते. नाशिकच्या एका शाळेत अकरा वर्षं कंत्राटी विज्ञान शिक्षिका होते. आज कायम करतील, उद्या करतील, अशी वाट पाहिली आणि एक दिवस माझं डोकंच फिरलं. मालदीवच्या एका बेटावरच्या शाळेत अर्ज टाकला. नवऱ्याला, सुधीरला म्हणाले, "दोनच वर्षं रे." तेव्हा आमची मुक्ता सात वर्षांची होती. मी परत आले तेव्हा तेरा. दोनाची सहा कशी झाली ते मला विचारू नका, मी चिडते.

*

माझे वडील, अण्णा, दिंडोरीला असतात. द्राक्षबाग आहे. आता मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. पण परदेश म्हणजे तिकडे रात्रच, हे अण्णांच्या डोक्यात पक्कं. सकाळी अकराला फोन केला तरी म्हणायचे, "झोप आता, लय जागू नको."

"अण्णा, इथे साडेदहा वाजलेत! मधली सुट्टी आहे शाळेची."

"रातची शाळा भरती? मंग जेवली का नाय तू?"

पहिलं वर्षभर मी समजावलं. नंतर सरळ "हो, झोपते" म्हणायचे आणि वर्गावर जायचे.

*

बेटावर भाजी-फळं बोटीने यायची, आठवड्यातून एकदा. एका फेब्रुवारीत दुकानात द्राक्षांचे बॉक्स लागले आणि त्यांवर चक्क ठळक अक्षरांत 'नाशिक' लिहिलेलं! मी तिथेच उभ्याउभ्या रडायला लागले. बरोबर जेसी होती. ही केरळची, गणित शिकवायची, माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. दुकानदार घाबरून विचारतोय, काय झालं? जेसी शांतपणे म्हणाली, "भाव ऐकून रडतेय." त्याने बिचाऱ्याने भाव उतरवला.

खोलीवर येऊन अण्णांना फोन लावला. म्हटलं, "अण्णा, आपली द्राक्षं आलीत इथे!" अण्णा म्हणाले, "मणी केवढा हाय?"

"अण्णा, मी रडतेय इकडे!"

"हा, ते कळलं. देठ हिरवा हाय का वाळला?"

मी बॉक्स उघडून पाहिलं. म्हटलं, वाळलाय. अण्णा म्हणाले, "मंग ती आपली नसतील पोरी. आपली एवढ्यात नाय वाळत."

*

माझ्या सहावीच्या पोरांनी डोंगर पाहिलेला नव्हता. त्या बेटावर सगळ्यात उंच जागा म्हणजे फुटबॉल मैदानाच्या कडेचा वाळूचा ढीग! मी फळ्यावर वणीचा गड काढला. पायऱ्या काढल्या, माणसं काढली. एवढ्या पायऱ्या चढायच्या, वर देवीचं दर्शन घ्यायचं आणि खाली यायचं, असं रंगवून सांगितलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मिस, परत खालीच यायचं असतं, तर माणसं घरातून निघतात कशाला?"

सगळा वर्ग हसला. मी त्यांना वही काढायला सांगितली.

*

आमच्या घरात एक पद्धत आहे. लांबच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. "उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?" मी बेटावर डेंग्यूने चार दिवस आडवी होते, तेव्हा मीही घरी सांगितलं होतं, "पेपर तपासतेय, फोन उचलता येत नाही." त्यामुळे चूक एकट्या त्यांची नाही.

तर एका ऑगस्टमध्ये मुक्ता व्हिडिओ कॉलवर एकदम शहाण्यासारखी बसायला लागली. हलायची नाही, उठून पळायची नाही. फोन सुधीर धरायचा, नुसता चेहरा दिसायचा. टाटा करायची ती डाव्या हाताने. मी जेसीला कौतुकाने सांगितलं, "पोरगी समजूतदार झाली हं माझी!"

तीन आठवड्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या आरतीचे फोटो आले. मुक्ताचा उजवा हात प्लास्टरमध्ये! सायकलवरून पडली होती. प्लास्टरवर अख्ख्या बिल्डिंगने स्केचपेनने नावं लिहिलेली. वॉचमनकाकांचंसुद्धा नाव होतं. मी फोटो मोठा करकरून पाहिला, माझ्या नावापुरती जागा उरली नव्हती.

सुधीरवर इतकी ओरडले की बाजूच्या खोलीतून जेसी धावत आली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, पण तू तिथून काय करणार होतीस?"

मी फोन ठेवून दिला.

*

हा किस्सा मी कॉफीला सांगत नाही. आज सांगते.

मुक्ता बारा वर्षांची असताना मधल्या सुट्टीत माझ्या जावेचा, वैशालीचा फोन आला. ती आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. म्हणाली, "ताई, घाबरू नका, आपली मुक्ता मोठी झाली. मी सगळं समजावलंय तिला, गूळपोळी केलीय, बोला तिच्याशी."

मुक्ता फोनवर आली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "आई, तू टेन्शन घेऊ नको. काकूने सगळं सांगितलं."

घंटा झाली. पुढचा तास सातवीवर होता. धडा कुठला असेल? तोच, पाळीचा! मी अठरा परक्या मुलींना नीट, न लाजता, प्रेमाने सगळं समजावलं. तास संपल्यावर एक मुलगी येऊन म्हणाली, "मिस, तुमच्या मुलीची किती मजा आहे, तिला घरीच विचारता येतं."

मला अजूनही त्या दिवसाचं वाईट वाटतं. तेव्हाच बॅग भरायला हवी होती. मी आणखी एक वर्ष काढलं.

*

मागच्या मे महिन्यात कायमची परत आले. वैशालीने पाहुण्यांचे कप काढले. मुक्ता तिला विचारते, "काकू, आईला साखर किती?" अगं बाई, मी समोर बसलेय ना!

पोरगी वागायला अगदी गुणी. "आई, मी खाली जाऊ का?" "आई, पंखा लावू का?" मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बोलावं तसं. गंगापूर रोडला आइस्क्रीम खायला नेलं, तिने दोनदा थँक्यू म्हटलं. मी रोज तिच्या पलंगावर जाऊन बसायचे. "काय गं, काही सांगायचंय का?" "नाही आई, काही नाही." महिना झाला. मला खरंच भीती वाटायला लागली की ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही. वैशाली म्हणाली, "ताई, धीर धरा." तिला म्हणायला काय जातं! मुक्ता तिच्याशी तासन्‌तास बोलायची.

एका रविवारी दुपारी मी ओट्याशी भेंडी चिरत होते. मुक्ता तिच्या खोलीत, दार बंद. माझा फोन वाजला. पाहते तर मुक्ता! चुकून लागला असेल म्हणून कट केला. पुन्हा वाजला.

"आई, कट काय करतेस? उचल ना."

"अगं, मी इथेच आहे, स्वयंपाकघरात. येऊ का आत?"

"नको, नको! फोनवरच बोल. मला एक सांगायचंय. रागावू नको हं."

माझे हात भेंडीने चिकट झालेले. तसाच फोन कानाला धरला. तिचा आवाज फोनमधून येत होता आणि बंद दारातूनही येत होता.

"आई, आवाज घुमतोय गं. तू जरा लांब जा ना."

मी हॉलमध्ये गेले. "आता?"

"अजून घुमतोय."

मी चपला घातल्या, दोन जिने उतरले आणि गेटबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. "आता येतोय का नीट?"

"हां," मुक्ता म्हणाली. "आता ऐक."