परशुराम काकांची अर्धी मिशी

परशुराम काकांच्या मिशीची डावी बाजू मी एका झटक्यात साफ केली. ट्रिमर माझाच, नवा, ऑनलाइन मागवलेला. त्याला पुढे प्लास्टिकची फणी लावली तर केस नुसते सारखे होतात, नाही लावली तर मुळापासून जातात. फणी माझ्या शर्टाच्या खिशात होती.

काका आरशात बघत राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गुरू, आता दुसऱ्या बाजूक हात लाव नको."

सोमवार असल्यामुळे नाक्यावरचं सलून बंद, म्हणूनच हे काम माझ्याकडे आलेलं. फोटोवाला जितेंद्र तासाभरात पोचणार होता. काकांचा मुलगा सर्वेश बोटीवर नोकरीला, त्याची सुट्टी संपली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघणार होता. त्यामुळे फोटो पुढे ढकलायची सोय नव्हती. तासाभरात मिशी उगवायची तर देवळात जाऊन गाऱ्हाणंच घालायला हवं होतं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या मिशीत? तर ऐका.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. नाव परशुराम, पण उभा जन्म गेला तो सीता, द्रौपदी आणि तारामती होण्यात. जत्रांतून रात्री नाटकं करणाऱ्या दशावतारी मंडळात ते स्त्रीपार्टी करायचे, म्हणजे बायकांची कामं. दिवाळी सरली की आपली ट्रंक घेऊन बाहेर पडायचे, ते आंबे संपता संपता घरी. द्रौपदीला मिशी चालत नाही, म्हणून वयात आल्यापासून त्यांनी ओठावर केस म्हणून ठेवला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी जवाब दिला, मंडळ सुटलं, आणि काकांनी पहिलं काय केलं तर मिशी राखली. झुपकेदार, टोकाला किंचित वळलेली. आचऱ्याच्या बाजारात मासे घेतानाही तिच्यावरून हात फिरवायचे. सुगंधा काकी म्हणायची, "मिशी बघून बांगड्याचो दर कमी होणा नाय, चला घराक."

घरात भिंतीवर काकांचे फोटो तीन आणि तिन्हींत साडी. यंदा सर्वेशचा मुलगा ओमकार, वय वर्षं तीन, आईबरोबर वास्कोहून सुट्टीला आला. द्रौपदीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही आजी कोण?" सगळे हसले. काकाही हसले. पण संध्याकाळी मला पडवीत गाठून म्हणाले, "गुरू, माका एक फोटो होयो. बापये माणसासारखो. सगळ्या घराचो, मधी मी. भितीर लावूया. पोराक कळाक होया, हो आपलो आजो."

त्या एका वाक्यावर आठवडाभर घर कपाटं उपसत होतं. सर्वेशच्या बायकोनं, अनुजानं, जाहीर केलं की सगळ्यांनी पिस्ता रंग घालायचा. काकीला पिस्ता समजेना.

"म्हंजे बावीतला शेवाळ?"

"नाही हो आई, जरा फिका."

"मगे उन्हातला शेवाळ."

काका म्हणाले, पिस्ता रंग उजेडात मरतो, लाल हवा. अनुजा म्हणाली, "बाबा, हे नाटक नाहीये, अंगणात फोटो काढायचाय." काकांनी फार ताणलं नाही. मिशीखाली कुठलाही रंग शोभतो अशी त्यांची तेव्हा समजूत होती.

सोमवारी सकाळी मात्र त्यांच्या हातांना राहवेना. अनुजाच्या निऱ्या त्यांनी घातल्या, तिनंच हाक मारली होती म्हणून. काकीच्या केसांत अबोलीचा वळेसार त्यांनीच माळला. मग ओमकारला पकडून पावडर लावली, ती थेट रात्रीच्या जत्रेतली. पोर तांदळाच्या पिठात घोळवल्यासारखं दिसायला लागलं. अनुजानं त्याला उचलून नळाखाली धरलं. एवढं सगळं आटपून काका माझ्यासमोर खुर्चीत बसले, "थोडी सारखी कर फक्त" म्हणाले, आणि मी ती केली.

काकी बाहेर आली. "शिरा पडली तुझ्या तोंडार! ह्या काय केलंस रे मेल्या?" असं ओरडता ओरडता तिला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर पदर धरला.

"हस, हस," काका म्हणाले. "अर्ध्या मिशीक अर्धाच हस."

मी घाईघाईनं म्हटलं, "काका, गाडीवरून जातो आणि तुमच्या मंडळातल्या महादू नानांकडची मिशी आणतो. राजाच्या कामाची. कुणाला कळणार नाही."

काकांनी मान हलवली. "जलमभर लावलेलाच तोंड घेवन फिरलंय, गुरू. ह्या फोटोत लावलेला कायएक नको."

मग ते आत गेले, वस्तरा घेतला आणि उरलेली बाजू आरशात न बघताच काढून टाकली. सरावाचा हात. नंतर मागीलदारी जाऊन पायरीवर बसले. "तुमी काढा फोटो. मी बसूचंय नाय."

जितेंद्र आला. अंगणात त्यानं छत्रीसारखा दिवा उभा केला. सर्वेश काकांना दोनदा बोलावून आला. शेवटी काकी गेली.

"लग्नात होती तुमका मिशी?"

"नाय."

"माळ घातलंय ती ह्या तोंडाक. मिशीवालो पावणो उन्हाळ्यापासून घरात रवता, तेका मी वळखणंय नाय."

काका हलले नाहीत. काकी हात झटकत परत आली. तिला बायको म्हणून जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं, पण काकांचं दुखणं बायकोकडे नव्हतंच.

ते दुखणं पिस्ता झबल्यात मागीलदारी पोचलं. ओमकार काकांसमोर उभा राहिला आणि टक लावून बघायला लागला. त्याच्या जन्माच्या आधीपासून काका जत्रांच्या मागे. पोरानं कळत्या वयात आजोबा पाहिला तो मिशीचाच. त्यानं काकांच्या ओठावर बोट फिरवून बघितलं, मग त्यांचं बोट धरून ओढायला लागला. काका उठले, गुडघा सांभाळत त्याच्यामागून माजघरात आले. ओमकार भिंतीखाली थांबला. वर द्रौपदी.

"आजोबा, ही तू आहेस!"

काकांनी आमच्याकडे बघितलं. आमच्यापैकी कुणीच मदतीला गेलं नाही.

"होय," ते म्हणाले.

"तू साडी नेसलीस?"

"नेसलंय."

"का?"

"काम होता माजा ता."

ओमकारनं उरलेल्या दोन फोटोंकडे बोट केलं. "ही पण तू? ही पण?" प्रत्येकाला काकांनी होय म्हटलं. तिसऱ्या वेळी आवाज जरा मोठा निघाला. मग ओमकार म्हणाला, "मला पण नेसव." सर्वेश, ज्यानं शाळेत याच फोटोंवरून पोरांशी मारामाऱ्या केल्या होत्या, तोंड फिरवून अंगणात गेला.

काका भिंतीपासून वळले. मग म्हणाले, "कुर्तो खंय माजो?"

फोटो झाला. मध्ये काका. जितेंद्र सारखा सांगत होता, "काका, मान सरळ," आणि मान सारखी डावीकडे लवत होती. एकदा उजवा हात आपोआप खांद्यावर गेला, नसलेला पदर सारखा करायला. सर्वेशनं नेमका तोच फोटो निवडून फोनवर घेतला, संध्याकाळीच बाजारातून मोठा करून आणला आणि द्रौपदीच्या शेजारी लावून मगच बोटीवर गेला.

जितेंद्र सामान आवरत होता तेव्हा काकी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आमचो दोघांचोच एक काढ म्हण रे तेका. लग्नानंतर तसो काढूकच नाय." पण जितेंद्रला कणकवलीत हळदीची ऑर्डर होती, तो गाडीला किक मारत होता. मी म्हटलं, "काकी, तो फोटो माझ्याकडे लागला. मी काढून देतो."

आता मिशी पुन्हा आलीय, आधीपेक्षा झुपकेदार. काका म्हणतात, बसेन तर हिच्यासकट. काकी म्हणते, ती गेल्याशिवाय बाजूला बसणार नाही. मी गेलो की ती चहा ठेवते, बशीत खाजं देते आणि मी पहिला घोट घ्यायच्या आत विचारते, "मगे? फोटो कधी?"

"पुढच्या आठवड्यात, काकी."

"खा ता आधी," काकी म्हणते.