फुकटचा डेटाबेस

सुक्या हळदीची धूळ नाकात गेली की मला हिंगोलीच्या मोंढ्यातली, म्हणजे घाऊक बाजारातली, ती हळदीची आडत आठवते. मालाच्या नोंदींसाठी डेटाबेस बसवायला मी तिथं गेलो होतो. मालकीणबाईंच्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्यानं त्यांच्या गिऱ्हाइकांची नावं शेजारच्या आडत्याला कळवली होती, म्हणून आत शिरताच त्यांनी माझा मोबाइल काढून घेतला. त्यांच्या जुन्या मशीनवर डेटाबेसच्या सॉफ्टवेअरची तयार फाईल चालेना, तेव्हा मी त्याचा मूळ कोड इंटरनेटवरून उतरवला आणि त्यातून त्या मशीनला चालेल असा प्रोग्राम तिथंच बनवायला, म्हणजे कंपाइल करायला लावला. काळ्या स्क्रीनवर ओळी धावू लागल्या तशा बाई माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. "कितीला घेतलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "फुकट आहे. याचा कोड सगळ्यांना उघडा असतो." "फुकट कोण देतं? आमचा माल कुठं जातो, ते बाहेर पाठवून राहिले काय तुमी?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी इंटरनेटची वायर उपसली. कोड आधीच उतरला होता, त्यामुळं ओळी धावतच राहिल्या. बाहेर हमाल पोती टाकत होते, खिडकीतून पिवळी धूळ येत होती, आणि बाई नाकाला पदर लावून शेवटची ओळ थांबेपर्यंत हलल्या नाहीत. मला अपमान वाटत होता आणि भीतीही, कारण काही चुकलं असतं तर मी चोरच ठरलो असतो. अखेर डेटाबेस सुरू झाला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमी तिकडं तोंड करा." मी भिंतीकडं वळलो, आणि मागं त्या एका बोटानं सावकाश बटणं दाबत राहिल्या. मला त्यांचा राग पुष्कळ दिवस होता. आता मात्र कुणाच्याही दुकानात पासवर्डची वेळ आली, की कुणी सांगायच्या आधी मीच तोंड फिरवतो.