खानवेलच्या पुढचं वळण

माझी आई गेल्यानंतरही आमच्या गाडीतल्या टेपचा आवाज कमी करायची.

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आज पप्पांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. ज्याला हसायचंय त्याने हसावं.

पप्पा मूळचे शिरपूरकडचे. सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून आले आणि इथेच रिटायर झाले. गाडी सेकंडहँड, पण पुसायचे अशी की कालच शोरूममधून आणलीय.

तीन वर्षांपूर्वी ते आणि आई दुधनीला फिरायला गेले होते. परत येताना, खानवेल सोडल्यावर सागाच्या झाडांतून एक वळण आहे, तिथे आई म्हणाली,
"आवाज कमी करा जरा. डोळा लागतोय माझा."

पप्पांनी कमी केला.
तिची झोप मोडू नये म्हणून पुढे हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

बिल्डिंगखाली गाडी लावून त्यांनी तिला हाक मारली.
ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या. झोपेत.

त्यानंतर काही महिन्यांनी मी पप्पांसोबत त्याच रस्त्याने येत होते. मी मागे. पुढची सीट ते आता कोणाला देत नसत. पेनड्राइव्हवरची गाणी चालू होती.

वळण आलं आणि आवाज आपोआप खाली गेला.
पप्पांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

"टेप बिघडलाय, पप्पा."
"असू दे."

पुढच्या वेळीही तिथेच. त्याच्या पुढच्या वेळीही तिथेच. दुसऱ्या कुठल्याही रस्त्यावर कधीच नाही.

मला भीती टेपची नव्हती, पप्पांची होती. बीपीचा माणूस, एका डोळ्याला मोतीबिंदू, आणि रोज संध्याकाळी एकटे त्या रस्त्याला जायला लागले होते. टेप बदलला की हे थांबेल असं मला वाटलं. ओढतच नेलं त्यांना दुकानात.

दुकानदार जिग्नेशभाईंनी जुना टेप बाहेर काढला, बटण फिरवून बघितलं.
"दीदी, ये तो अंदर से घिस गया है. इसीलिए आवाज अपने आप कम होता है."

मला इतकं हायसं वाटलं, की मी पप्पांकडे बघून हसले. ते हसले नाहीत.

जिग्नेशभाईंनी मोठी टचस्क्रीन पुढे ठेवली. "अंकल, अँड्रॉइड डालो. मॅप, रिव्हर्स कॅमेरा, बधू आवी जाय." म्हणजे सगळं त्यातच येणार. जुन्या गाडीत ती बसवायला डॅशबोर्ड थोडा कापावा लागणार होता. माझी त्यालाही तयारी होती.

पप्पांनी खालच्या कप्प्यातल्या एका साध्या सेटकडे बोट दाखवलं. छोटासा डिस्प्ले, एक गोल बटण.

"पप्पा, यात काहीच नाहीये."
"बटन आहे ना. टच तिले जमत नाही."

जिग्नेशभाईंना वाटलं, घरात अजून कोणीतरी आहे. "आंटी चलाती हैं गाडी?"
"नहीं," पप्पा शांतपणे म्हणाले. "बाजू में बैठती है."

मी हातातली पाण्याची बाटली उगाच उघडली आणि बंद केली.

रविवारी नवीन सेट लावून दुधनीला गेलो. वायरिंग नवं, बटण नवं. परतताना ते वळण आलं.

यावेळी डिस्प्लेवर आकडा दिसत होता.
अठरा.
सतरा.
सोळा.
सावकाश, कोणी जपून बटण फिरवावं तसा खाली येत गेला.
पण बटण हलत नव्हतं. मी त्याच्याकडेच बघत होते.

पप्पा अगदी हळू आवाजात म्हणाले, "झोपली."

घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या सीटकडे बघायची हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी वॉचमन वर आला. "दीदी, साहब गाडी में बैठे हैं. काच ठोका, जवाब नहीं दे रहे."

पप्पा पार्किंगमध्येच होते. बेल्ट लावलेला.
बाजूच्या रिकाम्या सीटचाही बेल्ट लावलेला.
गाणं चालू होतं, कान दिल्याशिवाय ऐकू येणार नाही इतकं बारीक.

नंतर वॉचमन म्हणाला, "अभी थोडी देर पहले तो बात कर रहे थे. मुझे लगा फोन पे हैं."
फोन तर वरती घरात होता. चार्जिंगला.

वर्षभर मी खानवेलच्या रस्त्याला गेले नाही. आज सकाळी गेले. एकटी. मुद्दाम आवाज मोठा ठेवून.

वळण दिसलं तशी मी गाडी हळू केली.
"आई," मी म्हटलं.

आकडा हलला नाही.

पुढे जाऊन गाडी वळवली. परत आले. पुन्हा गेले.
गाणं तेवढ्याच जोरात वाजत राहिलं.

ज्याची इतकी भीती वाटायची, ते घडलं नाही म्हणून मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले. पप्पा गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. आपलं आता मागे कोणी उरलं नाही, हे मला आज कळलं.

पप्पा, जिथे असाल तिथे दोघं सोबत असा.
मी आहे नीट.

तुमची पूनम