तंगडी तोडून हातात देईन

माझं तोंड फटकळ, हे माहेरी शेंबडं पोरही सांगेल. पण त्या तोंडापायी पोटची पोर जायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, सनीव्हेलला होतो. लेक सात वर्षांची. अपार्टमेंटच्या जिन्यावरून रोज उड्या मारायची. मी ओरडायचे, "पुन्हा उडी मारलीस तर तंगडी तोडून हातात देईन!" ती खिदळायची. एकदा पडलीच, आणि लंगडत शाळेत गेली. टीचरने विचारलं, घरी कोणी रागावलं का? कार्टीने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं, आई म्हणते, पाय तोडून माझ्या हातात देईन.

तिसऱ्या दिवशी बालसंरक्षण खात्याची बाई दारात. हसतमुख, हातात फाइल. तिने फ्रिज उघडून बघितला. लेकीला खोलीत नेऊन दार लावलं. नवरा ऑफिसातून धावत आला आणि समजावू लागला, "ही नुसती बोलायची पद्धत आहे हो, आमच्याकडे सगळ्याच आया असं म्हणतात."

"सगळ्याच?" बाईने विचारलं, आणि तेही लिहून घेतलं.

जाताना म्हणाली, चौकशी संपेपर्यंत मुलगी घरीच राहील. आणि संपल्यावर? विचारायची हिंमत झाली नाही. पाच आठवडे मी घरात कुजबुजत बोलले. बेल वाजली की लेक कपाटात जाऊन बसायची. मग पत्र आलं, केस बंद. देवापुढे साखर ठेवली. नवरा म्हणाला, "सुटलो, यार!"

सुटलो कसले! पुढच्याच शनिवारी तिला न्हाऊ घालायला घेतलं, तर लांब बाह्यांचा टीशर्ट काढू देईना. मीच बाही वर केली. मनगट टम्म सुजलेलं. मंगळवारी शाळेत झोपाळ्यावरून पडली होती. चार दिवस लपवलं होतं.

"अगं बाई, सांगायचं नाही का?"

"आई, हळू बोल ना. दे विल टेक मी."

मला रडूच फुटलं. तशीच गाडीत घातली आणि हॉस्पिटल गाठलं. नर्सने प्रेमाने विचारलं, कसं लागलं गं? लेक पाठ केल्यासारखी घडाघडा म्हणाली, "माय मॉम डिडन्ट डू इट."

नर्सने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी लेकीचा दुसरा हात घट्ट धरला होता. तो पटकन सोडला.