भुंगेसरांचं अर्धं वाक्य

भुंगेसरांना सरळ प्रश्न विचारायची सोयच नव्हती. जेवताना काकूंनी "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" असं विचारलं, की हे चमचा खाली ठेवून विचारात पडणार आणि म्हणणार, "कालच्यापेक्षा बरोबर आहे. पण एकंदरीत बरोबर आहे की नाही, ते मी एकटा कसं सांगू?" काकू कपाळाला हात लावायच्या. "बघ गं नीलिमा, अशा माणसाबरोबर संसार केलाय मी!" मी हसायचे. तेव्हा हसू यायचं, कारण आमटीच्या मिठावरून कुणाचं काही बिघडत नव्हतं.

सर विनिपेगच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे सांगलीचे, एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे इकडे आलेले. मी नागपूरहून लग्न करून आले ती दोन हजार तीनच्या हिवाळ्यात. हातात एम.एस्सी.ची डिग्री आणि बाहेर हा एवढा बर्फ. घरात बसून वेड लागायची पाळी आली होती, तेवढ्यात महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला काकू भेटल्या आणि महिन्याभरात मी सरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन झाले. 'भुंगेसर' हे नाव मंडळातल्या लोकांनी ठेवलेलं. सरांना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. "भुंगा नव्हे, भुंगेरा," एवढी दुरुस्ती मात्र ते दरवेळी करायचे.

हा भुंगेरा म्हणजे चवळीच्या दाण्याएवढा काळा, तुकतुकीत किडा. तळ्याच्या पाण्यावर वेड्यासारखा गोल गोल गिरक्या घेत असतो. गंमत अशी, की त्याचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला आहे. वरचा भाग हवेत बघतो, खालचा पाण्यात. म्हणजे म्हटलं तर चार डोळे! सरांनी उभी हयात या चार डोळ्यांमागे घालवली. विनिपेगच्या बाहेर शेताशेतांतून छोटी तळी आहेत. उन्हाळा आला की गुडघ्याएवढे रबरी बूट चढवून सर पाण्यात आणि मी काठावर, डास मारत. इथले डास काय विचारू नका. गाडीत परत बसताना सर म्हणायचे, "आजचा दिवस सत्कारणी लागला." माझ्या मानेवर गांधी उठलेल्या असायच्या.

पण सरांचा खरा जीव होता पहिल्या वर्षाच्या वर्गात. मोठे प्राध्यापक तो वर्ग टाळतात. शेदीडशे मुलं, त्यातली निम्मी पेंगत असतात. सर मात्र दरवर्षी तो मागून घ्यायचे. काचेच्या परातीत जिवंत भुंगेरे सोडून ती पुढच्या टेबलावर ठेवायचे आणि मुलांना म्हणायचे, "काय दिसतंय ते सांगा. काय माहीत आहे, ते नंतर." शेतावरच्या घरांतून आलेली, दर रविवारी चर्चला जाणारी मुलंही त्या परातीवर वाकलेली मी पाहिली आहेत.

तर अशातच, दोन हजार सहा की सातची गोष्ट असेल, मुलांच्या एका क्लबने कॅम्पसभर पोस्टर लावली. वादसभा! ही सृष्टी उत्क्रांत झाली, की कुणा बुद्धिमान रचनाकाराने रचली? रचनेच्या बाजूने सीमेपलीकडून, अमेरिकेतून, एक नामवंत वक्ता येणार होता. दुसऱ्या बाजूला आमच्या विभागातलं कुणीच जायला तयार नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच. अशा माणसाशेजारी आपण स्टेजवर बसलो, की हा खरोखरच विज्ञानातला वाद आहे असं लोकांना वाटतं. मलाही ते पटत होतं. सर मात्र हो म्हणून बसले. मी म्हटलं, "सर, कशाला नसती उठाठेव?" तर म्हणाले, "मुलांनी प्रश्न विचारलाय गं. मास्तर नाही कसा म्हणेल?"

सभेच्या दिवशी हॉल खचाखच भरलेला. क्लबच्या मुलांना चित्रीकरण करायचं होतं, त्यासाठी त्यांनी सरांची परवानगी मागितली. सरांनी ती दिलीच, वर त्यांना एक्स्टेन्शन कॉर्ड शोधून आणून दिली! वक्ता दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. त्याने पडद्यावर चक्क आमच्याच भुंगेऱ्याचा फोटो लावला, सरांच्या लेखातून घेतलेला. आणि सर स्टेजवरून मला खुणा करतायत, अगं आपला फोटो! आनंद नुसता ओसंडून वाहतोय! मग तो वक्ता सरांकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, "प्रोफेसर, तुम्ही या डोळ्यावर आयुष्य घालवलंत. एकाचे दोन कसे झाले, ते तुम्ही आम्हाला सांगू शकाल का?"

मी तिसऱ्या रांगेत हात जोडून बसले होते. म्हटलं, सर, आज एकदा, फक्त एकदा सरळ उत्तर द्या! सर उठले, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "नाही. हे कसं झालं ते आम्हाला माहीत नाही."

हॉलमध्ये टाळ्या. सर आपले टाळ्या थांबायची वाट बघत उभे. मग पुढे म्हणाले, "माहीत नाही, म्हणून तर मी रोज सकाळी कामावर येतो." आणि मग ते किती सुंदर बोलले! दक्षिणेकडच्या ओढ्यांत याच भुंगेऱ्याचा एक भाऊबंद आहे, त्याच्या डोळ्याच्या दोन भागांमध्ये नुसती एक बारीक कड आहे. म्हणजे अर्ध्या वाटेवरचा डोळा आजही जिवंत पोहतोय. त्यावरून काय कळतं, काय अजून कळत नाही, आणि ते कळायला काय काय करावं लागेल. शेवटी त्या वक्त्याला म्हणाले, "तुम्ही म्हणता, कुणीतरी तो तसा केला. बरं. पण मग मी उद्या तळ्यावर कशाला जाऊ?" यावरही टाळ्या पडल्या, जरा कमी, पण पडल्या. मला वाटलं, चला, निभावलं.

कसलं निभावतंय! आठवड्याभरात कॅम्पसवर नवं पोस्टर. सरांचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'हे कसं झालं ते आम्हाला माहीत नाही.' इंटरनेटवर तेवढाच व्हिडिओ. "नाही" पासून टाळ्यांपर्यंत. पुढचं सगळं गुल. मी तर इतकी भडकले, की वॉशरूमच्या दारावरचं एक पोस्टर टराटरा फाडलं. सर म्हणाले, "फाडू नकोस. त्यात खोटं काय आहे? मी तसं म्हणालोय." असा संताप यायचा ना मला त्यांचा!

त्यात आमच्या मंडळाला चेव आला. आपला मराठी माणूस भर सभेत अमेरिकन माणसाला भिडला, म्हणून गणेशोत्सवात कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये सरांचा सत्कार ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं आणि मग अध्यक्षांनी भाषण ठोकलं. "उत्क्रांती आपल्याला नवी नाही! आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह... आपल्या पूर्वजांनी दशावतारात हेच सांगून ठेवलंय, आणि भुंगेसरांनी तेच सिद्ध केलं!" सगळ्या बेसमेंटने टाळ्या वाजवल्या. काकूंनी सरांची बाही घट्ट धरली, पण सर उठलेच. म्हणाले, "मी असं काही सिद्ध केलेलं नाही. वराहाचा नरसिंह होत नाही हो. आणि मला एक सांगा, पृथ्वीवर सगळ्यात जास्त किडे. मग दहांत एकही अवतार किड्याचा कसा नाही?" पोरं खिदळली. मोठी माणसं मात्र दुखावली. एका निवृत्त डॉक्टरांनी तर त्या दिवसापासून सरांशी बोलणंच टाकलं. प्रसादाचे मोदक आम्ही तिघांनी एका कोपऱ्यात उभं राहून खाल्ले.

पण खरा घाव बसला तो विद्यापीठातून. एका वर्तमानपत्राने विभागप्रमुखांना फोन केला, की तुमचेच प्राध्यापक उत्क्रांतीवर शंका घेतायत म्हणे? प्रमुख माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने दोन ओळींचं निवेदन टाइप करून सरांपुढे ठेवलं. पहिली ओळ: या डोळ्याची उत्क्रांती विज्ञानाला पूर्णपणे समजलेली आहे. दुसरी: माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला. सर म्हणाले, "दुसरी खरी आहे, ती देतो. पहिली खोटी आहे." प्रमुख म्हणाले, "लोकांना बारकावे कळत नाहीत." सर म्हणाले, "मग पहिल्या वर्षाला मी शिकवतो तरी काय?" तेव्हा प्रमुखांनी खाली मान घालून सांगितलं, की सही झाली नाही तर पुढच्या वर्षी तो वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, नव्या मुलांपुढे गोंधळ नको. पुढचं वर्ष सरांचं नोकरीतलं शेवटचं होतं.

मी सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. जवळजवळ रडतच म्हणाले, "सर, एका शब्दाचा प्रश्न आहे हो! 'पूर्णपणे'! कोण बघायला जातंय? सही करा आणि तुमचा वर्ग वाचवा." ते म्हणाले, "नीलिमा, त्या मुलांनी माझं अर्धं वाक्य कापलं. आता हे म्हणतायत, उरलेलं अर्धं मी स्वतःच्या हाताने कापू. कसं जमायचं?" मला त्यांचं पटत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

सही झाली नाही आणि वर्ग गेला. सप्टेंबरमध्ये एक तरुण प्राध्यापक तो शिकवायला लागला. त्या तासाला सर आपल्या ऑफिसचं दार उघडं टाकून बसायचे, न जाणो कुणी आलंच तर. कधीमधी कुणी यायचंही. एकदा बघते तर पोस्टर लावणाऱ्या क्लबमधलीच दोन मुलं आत बसलेली, आणि सर त्यांना काकूंच्या हातचा चिवडा वाढतायत! मुलं गेल्यावर मी फाडकन म्हणाले, "ह्यांना चिवडा? ह्यांनी तुमचं वाटोळं केलं सर!" सर म्हणाले, "काहीतरी विचारायला आली होती गं." त्यांचा चेहरा त्या दिवशी इतका खुलला होता, की मी रिकाम्या बश्या गोळा करायला लागले.

वसंतात निरोपसमारंभ झाला. केक, शुभेच्छांचं कार्ड, प्रमुखांचं हळवं भाषण. त्या वर्गाचा कुणी उच्चारही केला नाही. सर आणि काकू मुलाकडे पश्चिम किनाऱ्यावर कोक्विटलामला राहायला गेले. लॅब बंद झाली आणि मला उंदरांच्या लॅबमध्ये पाठवण्यात आलं. सरांचा अधूनमधून फोन यायचा. तिथल्या पावसाबद्दल, तळ्यांबद्दल बोलायचे. एकदा मी विचारलं, "राग येत नाही का हो सर?" म्हणाले, "येतो. सप्टेंबरमध्ये येतो." तिसऱ्या वर्षी काकूंचा फोन आला, की सर झोपेतच गेले. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. दुःख होतंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त चीड होती.

गेल्या वर्षी माझी मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, जीवशास्त्राला. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "आई, इज धिस युवर भुंगेसर?" तोच व्हिडिओ. "नाही" पासून टाळ्यांपर्यंत. खाली शेकड्यांनी प्रतिक्रिया. अर्धे सरांना शूर म्हणतायत, अर्धे मूर्ख. पोळ्या तशाच ठेवून मी तिला सगळं सांगितलं. कापलेलं अर्धं वाक्य सांगितलं, तो ओढ्यातला भाऊबंद सांगितला, निवेदन, गेलेला वर्ग, सगळं. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला, की नवरा बेसमेंटमधून धावत वर आला.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सो, हाऊ डिड इट हॅपन? एकाचे दोन डोळे? आता कळलंय का?"

मला ठाऊक होतं, आमच्या विद्यापीठात सर गेल्यापासून त्यांच्या नमुन्यांचं कपाट कुणी उघडलेलं नाही. उंदरांच्या लॅबकडे जाताना रोज मला ते दिसतं. त्याच्यावर आता प्रिंटरच्या कागदांचे खोके ठेवतात.

"नाही गं," मी म्हणाले. "सगळे भांडतच बसले. बघायला कुणी गेलंच नाही."